चपला खाली, माणूस वर

आदिलक्ष्मीअम्माच्या हॉस्टेलात राहायचं तर एक नियम पाठ असावा लागतो: चपला खाली, माणूस वर. बाकीचे नियम मोडले तर ती नुसत्या शिव्या देते. हा मोडला तर चपला थेट रस्त्यावर भिरकावते, आणि तिचा नेम चांगला आहे. एकदा एका सँडलनं कॉलनीचे सेक्रेटरी प्रभाकर राव यांच्या स्कूटरचा आरसा फुटला. ते भांडायला आले तर तिनंच उलट विचारलं, "माझ्या दारात स्कूटर लावायला तुम्ही काय माझे जावई लागता?"

हैदराबादेत अमीरपेटच्या मागे श्रीनिवास कॉलनी आहे. तिथलं हे तीन मजली घर. खाली जेवणाची खोली, स्वयंपाकघर आणि अम्माची खाट. वरच्या दोन मजल्यांवर अडतीस पोरी. जिन्याच्या तोंडाशी सिमेंटचे कप्पे, प्रत्येकावर रंगानं घातलेला नंबर, आणि शेजारीच हात धुवायचा नळ. कोण आलं, कोण गेलं याची वही तिनं कधी ठेवली नाही. संध्याकाळी कप्प्यांवरून एक नजर फिरवली की तिला कळायचं. वहीत कुणीही काहीही लिहील, चपला खोटं बोलत नाहीत, असं तिचं म्हणणं. आणि पहिल्या पायरीच्या वर पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, मग तो कुणाचा बाप असो की भाऊ. चौदा वर्षांत त्या कप्प्यांत पुरुषाची चप्पल कधी आली नव्हती.

आता हा पुरुषांवरचा राग आला कुठून, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तिचा नवरा सुब्बाराव लॉरीवर होता. त्यानं तिची दोन बोटं मोडली, दाढ पाडली. एका दुपारी ती भात वेळत, म्हणजे शिजल्या भातातली पेज काढत, बसली असताना पाठीत लाथ घातली. ती वळली ती हातातल्या पातेल्यासकट. तो पळायला वळला, तेवढ्यात उकळती पेज त्याच्या पाठीवर गेली आणि सदऱ्याबरोबर कातडी निघून आली. त्यानंतर बारा वर्षं जगला तो, पण हात उचलला नाही. उचलवतच नव्हता. त्याच्या पाठीला रोज तेल लावलं ते हिनंच. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बरं केलंस. बरं केलं की वाईट ते त्यांना काय विचारायचं? ज्या हातांनी तेल लावलं त्यांना विचारा. तेव्हापासून भाताच्या पातेल्याला तिनं हात लावला नाही. हॉस्टेलात भात वेळायचं काम मरियम्मा नावाची स्वयंपाकीण करते.

संक्रांतीच्या सुमाराला हैमवती आली. वय बावीस, उजवा हात प्लास्टरमध्ये, डोळे अजून लाल. गुंटूरकडची. तिकडं मामाशी लग्न लावायची जुनी रीत आहे. हिचंही आईच्या धाकट्या भावाशी, कोटेश्वरशी लावलं. लहानपणी ज्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्यानंच लग्नानंतर दाराच्या उंबऱ्यावर ठेवून हात मोडला, आणि एकदा मुठीत तिखट घेऊन डोळ्यांत चोळलं. कोटेश्वर मिरची यार्डातल्या हमालांचा मुकादम होता. शंभर हमाल त्याला भिऊन असायचे, तिथं बायकोची काय कथा.

बाप होता तिला, पिच्चय्या. त्याच यार्डात मिरचीची पोती शिवणारा. पण बायकोचा भाऊ तोच जावई, आणि तोच मुकादम. तीन दोऱ्यांनी बांधलेला माणूस तोंड कुठून उघडणार? मुलगी पळाली त्या पहाटे त्यानं एकच गोष्ट केली. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो सुतळीनं शिवून दिला. दाभण घेऊन पोत्याच्या तोंडाला घालतात तसे आडवेतिडवे चार टाके. "जा," एवढंच म्हणाला.

तेवीस नंबरचा कप्पा मिळाला तेव्हा हैमा म्हणाली, "अम्मा, माझ्या चपला वर खोलीत ठेवू का? हा टाका तो ओळखेल."

"अगं, हैदराबादेत काय तुझ्या एकटीच्याच पायात चपला आहेत?"

"असा टाका नाही कुणाचा."

"मग टाकून दे. नव्या घे."

हैमानं चपला छातीशी धरल्या. घरातून आणलेली तेवढीच वस्तू होती तिच्याजवळ. आदिलक्ष्मीला ते कळलं, पण नियमापुढं कळून न कळल्यासारखं करायची तिला सवय. "चपला खाली, माणूस वर," ती म्हणाली. "एकीला सूट दिली की उद्या अडतीस जणी जिन्यावर चिखल आणतील." हैमानं चपला कप्प्यात ठेवल्या, टाका भिंतीकडं करून.

प्लास्टर निघालं. साडीच्या दुकानात नोकरी लागली. पोर हळूहळू हसायला लागली, रात्री ओरडून उठायची ती थांबली. आणि मग गावाकडच्या कुणीतरी तिला दुकानात पाहिलं.

मे महिन्यातला रविवार, दुपारचा एक. कोंबडीचं कालवण तयार होतं, मरियम्मा दुसऱ्या पातेल्याचा भात वेळायच्या तयारीत होती, आणि फाटक वाजलं. दारात दोन माणसं. एक उंच, पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर कुंकू. दुसरा वाळलेला, गळ्यात पंचा, खोकणारा. दोघांनी चपला पायरीखाली काढल्या. उंच माणसानं वाकून हात जोडले.

"नमस्कारम् अम्मा. मी कोटेश्वर राव. हे माझे बावा, म्हणजे बहिणीचे यजमान, आणि आता सासरेही. आमची हैमवती इथं आहे म्हणून कळलं."

आदिलक्ष्मीच्या तोंडावर रेघ हलली नाही. "होती. गेल्या महिन्यात गेली की. विजयवाड्याला काम मिळालं म्हणाली. मरियम्मा, वर जाऊन पोरींना सांग, पाहुणे आलेत, पाचच मिनिटांत वाढते. तोवर कुणी खाली यायचं नाही."

मरियम्मा समजली आणि वर गेली. हैमा दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कडी लावून बसली. इथवर सगळं नीट सुचलं. आता या दोघांना वाटेला लावायचं होतं. पण दुपारी एक वाजता उन्हातून आलेल्या माणसाला, आणि तेही आपल्याच माहेरच्या गुंटूर जिल्ह्यातल्या, जेवलात का हे न विचारता फाटकातून परतवायचं? असं केलं असतं तर कोटेश्वरला वास आलाच असता. शिवाय खोटं बोलल्याची टोचणी होती. आणि खरं सांगायचं तर तिचा असाही एक भाबडा समज होता, की आपल्या हातचं खाल्लेला माणूस आपल्या घरात हात उचलत नाही. एवढं आयुष्य सोसलेल्या बाईनं असला समज बाळगावा, याला काय म्हणावं?

"जेवलात?" तिनं विचारलं.

"नाही अम्मा," कोटेश्वर म्हणाला. "पोटात कावळे ओरडतायत."

तो जेवला मात्र मनापासून. अंबाडीची चटणी दोनदा मागून घेतली, कोंबडीची हाडं चोखली, आणि जेवताना खोलीची दारं, खिडक्या, जिना सगळं पाहून घेतलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे असतात म्हणतात, हा त्यांचा मुकादम. पिच्चय्या भात नुसता कालवत बसला होता. एक घास तोंडात गेला नाही.

"तिखट आपल्या गुंटूरचं बरं का, अम्मा. इथल्यासारखं पिळपिळीत नाही," कोटेश्वर म्हणाला. "बावा, खा की. पोरगी सापडेल. पायातली वहाण पायातच बरी असते, नाही का अम्मा? डोक्यावर घेतली की अशी पळते."

आदिलक्ष्मीच्या अंगाची लाही झाली. जीभ आवरायला हवी होती, आवरली नाही. "वहाण चावली तर माणूस ती सोडून देतो, बाबा. हात मोडत नाही तिचा."

कोटेश्वरचा घास तोंडापाशी थांबला. "हात मोडल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"प्लास्टर घालून आली होती. मला काय डोळे नाहीत?"

"असं असं." त्यानं घास तोंडात टाकला आणि हसला. "न्हाणीत पडली होती ती. धांदरट आहे."

पिच्चय्या एकदम उठला. "हात धुतो," म्हणाला आणि बाहेर नळावर गेला. दारातून आदिलक्ष्मीला त्याची पाठ दिसत होती. त्यानं नळ सोडला, हात पुढं केला, आणि तो तसाच राहिला. पाणी वाहत होतं आणि तो कप्प्यांकडं बघत होता. तिनंही तिकडं बघितलं. तेवीस नंबर. रविवारी सकाळी हैमानं कपडे धुतले होते, पाय ओले म्हणून घाईत चपला फेकल्या होत्या. टाका दर्शनी बाजूला, सगळ्या जगाला दिसेल असा. चौदा वर्षं रोज ज्या कप्प्यांकडं बघूनच आदिलक्ष्मी आडवी झाली, ते नेमके आज तिच्या डोक्यात आले नव्हते.

पिच्चय्या ओरडला नाही. त्यानं मान वळवून आदिलक्ष्मीकडं पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्यानं गळ्यातला पंचा काढला आणि हात पुसायच्या निमित्तानं सहज ठेवल्यासारखा त्या कप्प्यावर टाकला. सुतळीचा टाका झाकला गेला. आदिलक्ष्मीला वाटलं, जाऊन त्याचे पाय धरावेत.

कोटेश्वर ढेकर देत बाहेर आला. हात धुतले, चूळ भरली, मिशा ओल्या. त्याला पुसायला काहीतरी हवं होतं, एवढीच गोष्ट. "बावा, पंचा आण इकडं," म्हणाला, आणि बावानं द्यायची वाट न बघता कप्प्यावरून ओढून घेतला.

तोंड पुसता पुसता तो थांबला.

"हे काय आहे, बावा?"

कोटेश्वरनं चप्पल उचलली, टाक्यावरून अंगठा फिरवला आणि तीच चप्पल म्हाताऱ्याच्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा नाकातून रक्त आलं. "तुझी शिवण मला कळत नाही होय रे? माझ्याच यार्डात शिवतोस आणि माझ्याच बायकोला पळवतोस?"

आदिलक्ष्मी जिन्याच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली. "या पायरीच्या वर पुरुष जात नाही."

त्यानं तिचं मनगट धरून पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. मग तिचं डोकं भिंतीवर आपटून तो दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. वर किंकाळ्या उठल्या. कडी लाथेसरशी तुटली. पोरी बादल्या, तांबे, हाताला येईल ते मारत होत्या; एकीनं त्याच्या दंडाला चावा घेतला, तिच्या पोटात त्यानं गुडघा घातला. आणि मग हैमाची वेणी मुठीला गुंडाळून तो तिला जिन्यावरून ओढत खाली आणू लागला. प्रत्येक पायरीवर तिचं डोकं, खांदा, गुडघा आपटत होता. पांढऱ्या पायऱ्यांवर रक्ताची फरफट उमटली.

समोरच्या गच्च्यांवर माणसं जमली होती. प्रभाकर राव कठड्यावरून ओरडले, "अहो, काय ते गेटच्या बाहेर जाऊन करा! इथं फॅमिलीज राहतात!"

आदिलक्ष्मीनं तोंडातलं रक्त थुंकलं. "ही बी कुणाची तरी फॅमिलीच आहे, मेल्या! पोलिसांना फोन कर!"

ती स्वयंपाकघरात धावली. मरियम्मा वरच राहिली होती, तिचा न वेळलेला भात चुलीवर अजून रटरटत होता. सव्वीस वर्षांनी तिनं पातेल्याला हात घातला, मोडलेलं मनगट घेऊन, फडकं न घेता. तळव्यांचे चटके तिला जाणवले नाहीत. पातेलं छातीशी धरून ती बाहेर आली तेव्हा कोटेश्वर खालच्या पायरीवर होता. पिच्चय्या त्याच्या एका पायाला मिठी मारून पडला होता आणि कोटेश्वर त्याच्या छातीत लाथा घालत होता. "फेक!" वरून पोरी ओरडत होत्या. "अम्मा, फेक!"

ती फेकू शकली नाही. त्याच्या पायाशी म्हातारा होता, हाताखाली पोर होती. पेज माणसं निवडत नाही. आणि तिच्या डोळ्यांपुढं सुब्बारावची पाठ आली, ती सोललेली, पांढरी पाठ. पातेलं खाली पडलं, पेज जमिनीवर पसरली, तिचेच पाय भाजले.

कोटेश्वर हसला. "म्हातारे, भात चांगला होता. सांडू नकोस."

"कोटेश्वर," पिच्चय्या खालून म्हणाला. "पोरीची वेणी सोड."

"नाहीतर काय करशील, बावा? शिवशील मला?"

गुंटूरकडच्या पुरुषाच्या कमरेचा करदोटा मरेपर्यंत सुटत नाही. पिच्चय्याच्या करदोट्याला चामड्याचं एक म्यान होतं आणि त्यात दाभण. तीस वर्षं तो दिवसाला शे-दीडशे पोती शिवत होता. झोपेतही त्याचा हात तिकडंच जायचा. आत्ताही गेला. दाभण वेणी धरलेल्या मुठीच्या पाठीतून शिरलं आणि तळव्यातून बाहेर आलं. कोटेश्वरला काय झालं ते कळायच्या आत ते निघालंही होतं आणि पुन्हा मांडीत शिरलं होतं. खुपस, ओढ, खुपस, ओढ. मांडी, कूस, खांदा, गळ्याच्या कडेला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो पोतं शिवताना दिसायचा तसाच दिसत होता. तोंडानं तो फक्त मोजून श्वास घेत होता. शंभर हमालांचा मुकादम पोरासारखा किंचाळला, "अक्का! अगं अक्का!", आपल्या बहिणीला हाक मारत, आणि पेजेच्या चिखलात घसरून आडवा झाला. पिच्चय्या त्याच्या छातीवर बसला. दाभण डोळ्यावर धरलं.

"नाना," हैमा म्हणाली. बापाला ती लहानपणापासून नानाच म्हणायची. "नाना, पुरे."

त्याचा हात थांबला. तो उठला, नळावर गेला, दाभण धुतलं, सदऱ्याला पुसलं आणि कप्प्याच्या कडेला ठेवलं. कोटेश्वर मुठीतलं रक्त दाबत कण्हत होता. चार पोरी हातात बादल्या घेऊन त्याच्या डोक्याशी उभ्या राहिल्या.

"पोलीस येतील आता," पिच्चय्या आदिलक्ष्मीला म्हणाला. "अक्का, मघाशी जेवलो नाही. वाढतेस?"

हैमानं वाढलं. आदिलक्ष्मीचे दोन्ही हात निकामी झाले होते. फुटलेल्या भुवईतून रक्त गळत असताना पोर बापाच्या ताटात भात वाढत होती, आणि तो कोंबडीच्या कालवणात भात कालवून मोठमोठे घास घेत होता. "तिखट नीट आहे," म्हणाला. ताक घेतलं. बोटं चाटून ताट स्वच्छ केलं. आदिलक्ष्मी समोर बसून रडत होती. "मीच तिला चपला वर ठेवू दिल्या नाहीत, अण्णा," ती म्हणाली. "माझ्या नियमानं केलं हे." म्हाताऱ्यानं मान हलवली. "मी पहिल्या दिवशीच दाभण काढायला हवं होतं, अक्का. चपला कसल्या घेऊन बसलीस?"

पोलीस आले. कोटेश्वरला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जगला तो, पण उजवी मूठ पुन्हा मिटली नाही. पिच्चय्याला घेऊन निघाले तेव्हा पायरीखाली त्यानं आपल्या चपला उचलल्या, जुन्या टायरच्या, टाचा झिजलेल्या. घातल्या नाहीत. कप्प्यांशी जाऊन तेवीस नंबरात पोरीच्या चपलांशेजारी नीट जोडून ठेवल्या.

"अरे घाल की," हवालदार म्हणाला. "मे महिन्याचं डांबर आहे, पाय पोळतील."

"राहू दे तिथं," पिच्चय्या म्हणाला आणि अनवाणी चालत गेला.

पिच्चय्या तुरुंगात आहे, केस अजून उभी राहायची आहे. त्यानं सगळं कबूल केलंय, वकील कपाळाला हात लावतो. आदिलक्ष्मीच्या मनगटाचं हाड वाकडंच जुळलं. तिनं हैमाला सांगितलं, आजपासून तुझ्या चपला वर ने, मी काही बोलणार नाही. हैमा म्हणाली, "नको अम्मा. राहू देत नानांच्या शेजारी."

जूनमध्ये प्रभाकर राव कॉलनीच्या लोकांच्या सह्यांचा कागद घेऊन आले: असल्या प्रकारांमुळे हॉस्टेल बंद करावं. दारातच त्यांची नजर कप्प्यांवर गेली आणि त्यांना आयतंच कोलीत मिळालं.

"हे काय आदिलक्ष्मीअम्मा? लेडीज हॉस्टेलात पुरुषाच्या चपला?"

आदिलक्ष्मीनं त्यांच्या हातातला कागद घेतला, न वाचता त्याची घडी घातली आणि परत त्यांच्याच खिशात कोंबली.

"नियम तुम्हाला चौदा वर्षं पाठ आहे ना?" ती म्हणाली. "चपला खाली आहेत. पोरीचा बाप तुमच्या-माझ्याहून वर आहे."